‘हे अंशतः खरे आहे’ : विधानसभेतलं उत्तर वाचायचं कसं?

नाना आमच्या शेजारचे. गेल्या हिवाळ्यात मंडईतून त्यांची दुचाकी चोरीला गेली. भाजीची पिशवी घेऊन ते बाहेर आले, तर गाडी लावली होती त्या जागेवर तेलाचा डाग तेवढा राहिला होता. ठाण्यात गेले. पहिल्या दिवशी ऐकायला मिळालं, “दोन दिवस बघा, कुणी ओळखीच्यानं नेली असंल.” दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला गेलेले. तिसऱ्या खेपेला साध्या कागदावर अर्ज घेतला. गुन्हा नोंद व्हायला नववा दिवस उजाडला.

त्याच आठवड्यात टीव्हीवर नागपूरच्या अधिवेशनाची बातमी लागली होती. पोलीस खात्यावर प्रश्न आले होते आणि मंत्री उभं राहून उत्तरं देत होते. संध्याकाळी नाना दारात आले. “व्हय रे, आता मंत्रीच उत्तर द्यायला लागलेत म्हटल्यावर माझी गाडी मिळंल न्हवं?”

त्यांना मी तेव्हा सांगितलं ते थोडं सविस्तर लिहितो. कारण हा गैरसमज एकट्या नानांचा नाही. विधानसभेत प्रश्न लागला म्हणजे काम झालं, असं मानणारे जितके आहेत, तितकेच ‘ते नुसतं भांडायला जातात’ म्हणून चॅनेल बदलणारे आहेत. माझ्या मते दोघंही एक मोलाची गोष्ट हातची घालवतात.

मंत्री गाडी शोधून देत नाहीत. सभागृहातल्या प्रश्नानं कुणा एकाचा तपास चालत नाही. मात्र एखादी गोष्ट खरी आहे की नाही, हे सरकारला तिथं लेखी सांगावं लागतं आणि ते कायमचं छापलं जातं. राज्यघटनेच्या कलम 164 नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. ही जबाबदारी डोळ्यांना दिसते ती प्रश्नोत्तराच्या तासात.

प्रश्न मुख्यतः दोन जातींचे. ज्याच्यापुढे छोटी चांदणी छापलेली असते तो तारांकित. त्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात. चांदणी नसेल तो अतारांकित. त्याचं उत्तर लेखी मिळतं, भाषण नाही की गोंधळ नाही. शिवाय घाईच्या बाबीसाठी अल्पसूचना प्रश्न असतो. आणि बातम्यांत ज्याला ‘लक्षवेधी’ म्हणतात, तिच्यात आमदार तातडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे मंत्र्याचं लक्ष वेधतो आणि मंत्री निवेदन करतात.

तारांकिताची खरी ताकद उपप्रश्नात आहे. छापील उत्तर अधिकाऱ्यांनी तयार करून दिलेलं असतं, मंत्री ते वाचून दाखवू शकतात. पण लगेच आमदार उठून म्हणतो, “अध्यक्ष महोदय, माझा स्पष्ट प्रश्न आहे...” आणि तिथून पुढं मंत्र्याला स्वतःच्या तयारीवर उभं राहावं लागतं. हा हक्क आपसूक मिळालेला नाही. इंग्रजांच्या 1892 च्या कायद्यानं कायदेमंडळात प्रश्न विचारायची मुभा दिली, पण उत्तर ऐकून “म्हणजे काय?” असं विचारता येत नव्हतं. 1909 च्या सुधारणांनी ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्याला उपप्रश्नाची परवानगी मिळाली. 1919 नंतर ती सगळ्या सदस्यांना मिळाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात सरकारला आकड्यांनिशी धारेवर धरलं ते याच तोकड्या हक्कांच्या काळात. गोखल्यांचं शिक्षण कागलात आणि आपल्या कोल्हापुरात झालेलं, हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

एक अडचण मात्र आहे. वेळ जेमतेम तासाभराचा. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न लागतात, पण तोंडी उत्तरापर्यंत त्यातले मोजकेच पोहोचतात. उरलेल्यांची उत्तरं लेखी होऊन पटलावर ठेवली जातात. विधानसभेतही गोंधळ झाला की पहिला बळी याच तासाचा जातो. सप्टेंबर 2020 मध्ये कोरोनाचं कारण देऊन संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. लेखी उत्तरं मिळत होती, पण समोरासमोर उपप्रश्न बंद. सरकार कुणाचंही असो, हा तास गेला की सामान्य माणसाचं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी दार कुणाचं ते ओळखा

निवेदनं वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे प्रश्न चुकीच्या मंत्र्याच्या दारात जातो. रस्ता, पोलीस आणि गुन्हा ही आपल्याला एकच तक्रार वाटते. सरकारात तिचे दहा तुकडे होतात.

पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्याचे विषय. म्हणजे उत्तर राज्याच्या गृहमंत्र्यांचं किंवा गृहराज्यमंत्र्यांचं. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही. शहर असो की तालुका, जिल्हा पोलीस अधीक्षक एकच, आणि त्यांच्यावर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. कळंब्याचं मध्यवर्ती कारागृहही गृहखात्याकडेच. पण गोव्याची दारू चोरून येते, हा प्रश्न राज्य उत्पादन शुल्क मंत्र्यांकडेही जातो. सीमेपलीकडून गुटखा येतो, त्याची बंदी अन्न व औषध प्रशासनाच्या आदेशानं लागू होते, म्हणून तिथं वेगळे मंत्री. गृहमंत्र्यांना गुटख्याचं विचारलंत, तर पोलिसांनी किती ठिकाणी छापे घातले एवढंच कळेल. बंदीची अंमलबजावणी का होत नाही, ते कळणार नाही.

वाहतुकीत तर आणखी गुंता. एसटी महामंडळ आणि आरटीओ परिवहन मंत्र्यांकडे. केएमटी, म्हणजे कोल्हापूरची शहर बस, मात्र महापालिकेची, म्हणून तिचा प्रश्न नगरविकास खात्याकडे. रिक्षाचं भाडं ठरवतं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. चौकातला सिग्नल बसवते महापालिका, तिथं शिट्टी वाजवणारा शिपाई असतो गृहखात्याचा. रस्ता गावातला असेल तर ग्रामविकास किंवा सार्वजनिक बांधकाम. पुणे-बंगळूर महामार्ग असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे केंद्राचा विषय. तिथं आमदाराऐवजी खासदार लागतो. रेल्वेही केंद्राची, पण रेल्वेत मोबाईल चोरीला गेला तर गुन्हा नोंदवतात लोहमार्ग पोलीस, आणि ते राज्याचे. आपल्या छत्रपती शाहू टर्मिनसवर गाडी उशिरा आली तर उत्तर दिल्लीत, खिसा कापला गेला तर मुंबईत.

कोल्हापूरकरांना हे नव्यानं सांगायला नको. शहरातल्या रस्त्यांवर लावलेल्या टोलविरुद्धचं आंदोलन आठवा. रस्ते शहरातले, करारात महापालिकाही होती, राज्य रस्ते विकास महामंडळही होतं आणि ठेकेदारही. प्रा. एन. डी. पाटलांसारख्या ज्येष्ठांना वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरावं लागलं, त्याचं एक कारण हेच होतं : प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडं बोट दाखवत होतं.

उत्तराची भाषा

आता छापील प्रश्न कसा दिसतो ते पाहू. खालचा नमुना मी स्वतः रचलेला आहे, पण साचा विधानमंडळाचाच.

‘सन्माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (1) कोल्हापूर शहरात दुचाकी चोरीचे प्रकार वाढले असून नागरिकांत भीतीचे वातावरण आहे, हे खरे आहे काय, (2) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, (3) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही करण्यात आली वा येत आहे, (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

आणि उत्तर बहुधा असं :

‘(1) हे अंशतः खरे आहे. (2) व (3) दाखल गुन्ह्यांचा तपास सुरू असून गस्त वाढविण्यात आली आहे. (4) प्रश्न उद्भवत नाही.’

नाना हे वाचून म्हणाले, “म्हंजे कायच कळलं न्हाई की.” बरोबर आहे. ‘अंशतः खरे’ यातला खरा भाग कुठला? चोऱ्या वाढल्या तो, की भीतीचं वातावरण तो? एकाच वाक्यात दोन दावे कोंबले की अधिकारी सोयीचा तेवढा मान्य करतो. ‘वाढले’ म्हणजे कशाच्या तुलनेत, हे विचारलंच नाही, म्हणून सांगितलंही नाही. आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाक्य कुणाला उद्धट वाटेल, पण ते साच्यातून येतं. ‘नसल्यास’ असं विचारलं होतं, चौकशी केली आहे असं उत्तर आलं, मग विलंबाचा मुद्दा उरला नाही. चौथा भाग वाया गेला तो प्रश्नाच्या बांधणीनं.

एक बारीक शब्द ध्यानात ठेवा. ‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’. आपण बोलताना दोन्ही एकच धरतो. सरकारी कागदात कार्यवाही म्हणजे काम पुढं सरकवणं. एक पत्र लिहिलं तरी कार्यवाही झाली. कारवाई म्हणजे कुणावर तरी बडगा : निलंबन, दंड, गुन्हा. ‘दोषींवर कारवाई केली’ आणि ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येत आहे’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मी उत्तर वाचायला घेतलं की आधी हा एक शब्द हुडकतो.

पोलिसांच्या आकड्यांतही अशाच पायऱ्या आहेत. समजा, वर्षात 100 दुचाकी चोरीला गेल्या. गुन्हे दाखल झाले 80, कारण 20 जणांचा नुसता अर्ज घेतला गेला. त्यातले 30 ‘उघडकीस’ आले, म्हणजे आरोपी कोण ते पोलिसांना कळलं. गाड्या ‘हस्तगत’ झाल्या 20. न्यायालयात दोषारोपपत्र गेलं 25 प्रकरणांत आणि शिक्षा झाली 5 जणांना. (हे आकडे समजण्यापुरते आहेत.) यातला कुठलाही एक आकडा सांगून मंत्री खोटं न बोलता चांगलं चित्र उभं करू शकतात आणि विरोधक वाईट. उघडकीस येण्याचं प्रमाण आणि दोषसिद्धीचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ते 20 अर्ज कुठल्याच आकड्यात नाहीत. नानांचे पहिले नऊ दिवस तिथंच होते.

जाता जाता एक कामाची गोष्ट. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, उदा. चोरी) खबर कुठल्याही हद्दीतल्या ठाण्यात देता येते. ठाण्यानं नोंद नाकारली तर टपालानं पोलीस अधीक्षकांना लिहिता येतं, तिथंही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. अधीक्षक कार्यालय कसबा बावड्याला आहे, आणि नानांना हे पहिल्याच दिवशी माहीत असायला हवं होतं.

प्रश्नाचा प्रवासही कळला पाहिजे. आमदारानं दिलेला प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या खात्याकडं येतो. तिथला कक्ष अधिकारी तो खाली पाठवतो : महासंचालक कार्यालय, अधीक्षक कार्यालय, आणि शेवटी ज्या ठाण्याबद्दल तक्रार आहे त्याच ठाण्यातला कारकून रजिस्टर उघडून माहिती भरतो. मग तोच कागद सह्या गोळा करत वर चढतो. म्हणजे मंत्र्याच्या तोंडून आपण बऱ्याचदा त्या ठाण्याचंच म्हणणं ऐकत असतो. म्हणून प्रश्नात ठाण्याच्या नोंदवहीबाहेरचा पुरावा लागतो : अर्जाची पोच, तारीख, रुग्णालयाची नोंद.

वहीतल्या तारखा

दोन वर्षांपूर्वी महामार्गालगतच्या एका गावातल्या बायका एका आमदाराच्या संपर्क कार्यालयात आल्या होत्या. मी दुसऱ्या कामानं तिथं बसलो होतो. गावासमोर महामार्ग ओलांडायला नीट जागा नाही. पोरं शाळेला, बायका रानात तशाच पळत जातात. निवेदनात लिहिलं होतं, ‘येथे वारंवार अपघात होऊन अनेकांचे बळी गेले आहेत.’ स्वीय सहायकानं विचारलं, “अनेक म्हणजे किती, आक्का?” त्या गप्प झाल्या. मग त्यांच्यातल्या एकीनं पिशवीतून शाळेची दोनशे पानी वही काढली. ती अंगणवाडीत मदतनीस. तिनं प्रत्येक अपघाताची तारीख, वेळ आणि कुणाला काय लागलं, हे मागच्या पानापासून लिहीत आणलं होतं. तिच्या दिराचं नावही त्यात होतं. ते वाचताना तिनं फक्त बोट ठेवलं, नाव उच्चारलं नाही.

त्या वहीचं मोल समजायला एक नियम माहीत हवा. राष्ट्रीय महामार्गावर एखादी जागा ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे अपघातप्रवण, ठरवायची केंद्राची व्याख्या आहे : सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू. ‘वारंवार’ आणि ‘अनेक’ या शब्दांना तिथं काही किंमत नाही. 500 मीटर, तीन वर्षं, पाच अपघात. या मापात बसलं की प्रश्नाचं रूपच पालटतं. ‘अपघात होतात हे खरे आहे काय’ असं न विचारता ‘अमुक किलोमीटरच्या दगडापासून 500 मीटरमध्ये गेल्या तीन वर्षांत किती गंभीर अपघातांची नोंद आहे, ही जागा अपघातप्रवण म्हणून जाहीर झाली आहे काय, नसल्यास कोणत्या निकषामुळे?’ याला ‘अंशतः खरे’ म्हणता येत नाही. आकडा द्यावा लागतो.

आणि दार वेगळं, हे ओघानं आलंच. तो प्रश्न खासदाराकडं द्यायचा होता. सहायकानं तिथल्या तिथं फोन लावला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीलाही एक प्रत द्यायला सांगितलं. बाईंनी वही मात्र दिली नाही. झेरॉक्स काढून आणली.

‘तपासून घेतो’ याचं पुढं काय होतं

मंत्री उत्तरात म्हणतात, “तपासून घेतो”, “बैठक लावतो”, “एका महिन्यात अहवाल मागवतो.” टीव्हीवरची बातमी इथं संपते, पण काम इथून सुरू होतं. सभागृहात दिलेला असा शब्द ‘आश्वासन’ म्हणून नोंदवला जातो आणि त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. लोकसभेत आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांची मुदत धरतात, न जमल्यास खात्याला मुदतवाढ मागावी लागते. समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकते. मात्र शब्द जितका ठोस, तितकं आश्वासन पक्कं. ‘सन्माननीय सदस्यांच्या भावना लक्षात घेऊ’ यातून कुणाला काही पुरं करायला सांगणार?

उत्तर अपुरं वाटलं तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात, म्हणजे मंत्र्याला पुन्हा तयारी करून यावं लागतं. उत्तरातून महत्त्वाचा मुद्दा निघाला तर त्यावर अर्धा तास चर्चा मागता येते. मंत्र्यानं जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर हक्कभंगाची, म्हणजे सभागृहाचा विशेषाधिकार मोडल्याची, सूचना देता येते. न्यायप्रविष्ट बाबींवर मात्र सभागृह सहसा शिरत नाही. ‘प्रकरण न्यायालयात आहे’ हे उत्तर टाळाटाळीचं वाटतं, पण आरोपी दोषी की निर्दोष हे मंत्र्यानं सांगू नये हेच बरं. तपास कुठल्या यंत्रणेकडं आहे, सरकारी वकील नेमला का, साक्षीदारांना संरक्षण दिलं का, हे विचारायला बहुधा अडचण येत नाही.

कुणाकडं जायचं? कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेच्या 10 जागा आहेत. तुमचा आमदार मंत्री असेल तर तो सभागृहात प्रश्न विचारत नाही, तो उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर बसतो. अशा वेळी बरेच जण हातपाय गाळतात. पण विधान परिषद आहे ना! पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघांत कोल्हापूर जिल्हा येतो. पदवीधर म्हणून नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला तिथं स्वतःचा एक आमदार असतो, आणि त्याला कुणी प्रश्न नेऊन दिलाय असं क्वचितच ऐकू येतं.

नानांबरोबर मी मागच्या रविवारी बसलो. अधिवेशनाला अजून अवकाश आहे, म्हणजे प्रश्न द्यायची हीच वेळ. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “माझी गाडी अजून का सापडत नाही?” ते आम्ही खोडलं. ‘पोलीस सुस्त आहेत’ हेही खोडलं. शेवटी कागदावर जे राहिलं ते असं : ‘गेल्या तीन वर्षांत कोल्हापूर शहरातील पोलीस ठाण्यांत वाहनचोरीचे किती अर्ज प्राप्त झाले, त्यापैकी कितींचे गुन्हे नोंदविण्यात आले, अर्ज मिळाल्याच्या दिवशीच नोंदविलेले किती व सात दिवसांनंतर नोंदविलेले किती, ठाणेनिहाय तपशील काय आहे?’

नानांनी ते दोनदा वाचलं. मग आत जाऊन पाकिटातून अर्जाची पोच आणली, चष्मा पुसला आणि प्रश्नाखाली स्वतःच्या अक्षरात दोन तारखा लिहिल्या. एक अर्जाची, एक गुन्ह्याची.